प्राण्याची जागा

"बिबट्या आला," दिग्दर्शिका म्हणाली.

त्याने गुडघ्यावर बसल्या बसल्या मान वर केली आणि समोर पाहिलं. कुंपणाशी एक काठी रोवली होती आणि तिच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळली होती. तो त्या काठीकडे पाहत राहिला.

"कट. सर, परत एकदा घेऊ. झाडीतून तो अचानक पुढे आलाय. तुम्ही श्वास रोखलाय."

"रोखला होता मी."

"रोखला असेल." ती छोट्या पडद्यावर वाकली. "पण बिबट्या नाही दिसला तुम्हाला."

स्टुडिओच्या मागची बाग म्हणजे चार झाडं, एक कुंपण आणि कुंपणापलीकडे लावलेल्या गाड्या. पण चौकट घट्ट धरली की तेवढ्याचंही रान होतं. खरा बिबट्या तिथून फार लांब होता. कॅमेरा चालवणाऱ्या मेहुण्याने दोन हिवाळे आडोशाला बसून त्याचं चित्रण केलं होतं; आता फक्त बघणाऱ्याचा चेहरा हवा होता. या धंद्यात याला कोणी खोटं म्हणत नाही. बिबट्या खरा, माणूसही खरा. दोघांची गाठ तेवढी पडलेली नसते.

टीव्हीवर त्याला लोक डोळेकाका म्हणत. पोरांनी ठेवलेलं नाव होतं ते, पुढे मोठ्यांनीही उचललं. प्राण्यांचे कार्यक्रम करणारे पुष्कळ होते. कोणी त्याच्यापेक्षा शिकलेले, कोणी सापाला हातात धरणारे. पण हत्तीकडे त्याच्यासारखं कोणी पाहत नसे. बाया पत्रं लिहायच्या, की तुम्ही त्या कोल्हिणीकडे ज्या नजरेने बघता तसं आमच्याकडे घरात कोणी कधी बघितलं नाही. बायको ती पत्रं मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "अगं बाई, मला विचार."

कारण कोल्हीण तीच असायची.

पहिल्या चित्रणाला तिघंच होते. तो बोलायचा, तिचा धाकटा भाऊ कॅमेरा धरायचा, उरली ती. नजर कुठे लावायची ते कळावं म्हणून तिला प्राण्याच्या जागी उभं केलं. पुढे कार्यक्रम मोठा झाला, माणसं वाढली, पण ती जागा तिने कोणाला दिली नाही. सकाळी डबे भरता भरता विचारायची, "आज मी कोण?"

"आज हरीण."

"या गुडघ्यांचं?"

"मग अस्वल?"

"जपून बोला. जेवायला मीच वाढते."

वाघ असली की कमरेवर हात ठेवून उभी राहायची. पक्षी असली की दगडावर चढायची. कॅमेरा सुरू झाला की हलायची नाही, बोलायची नाही, नुसती त्याच्याकडे बघायची, आणि तो तिच्याकडे. लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं ते हे.

ती गेल्याला आता वर्ष होत आलं होतं.

"दाजी," कॅमेऱ्यामागून मेहुणा म्हणाला, "काठी काढू. मी उभा राहतो तिथे."

"तू? तुला बघून बिबट्याच पळेल."

मेहुणा हसला आणि कॅमेरा तसाच तिकाटण्यावर ठेवून कुंपणाकडे गेला. काठी उपटून तिच्या जागी उभा राहिला. बहिणीसारखाच, एका पायावर भार टाकून, मान जराशी कलती. त्याला ते ठाऊकही नसावं.

त्याने गुडघ्यावरूनच तिकडे पाहिलं. मग टोपी काढून गवतावर ठेवली.

"आज पुरे," तो म्हणाला.

दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला नाही, एवढाच तिचा चांगुलपणा. तिच्यावरही वरून दबाव होता. वाहिनीवाल्यांचं म्हणणं होतं की म्हाताऱ्याला जमत नसेल तर एखादा तरुण सूत्रधार घ्या. ती त्याच्याशेजारी गवतावर बसली.

"सर, एक विचारू? जुने शॉट असतील ना? न वापरलेले? शर्ट तोच, टोपी तीच. गेल्या काही वर्षांतला एखादा घेतला तर केसही जुळतील."

"असतील की," तो म्हणाला.

जुने शॉट. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेहुण्याची सवय होती, कट म्हटल्यावर लगेच कॅमेरा बंद करायचा नाही. थोडा चालू राहू द्यायचा. आणि कट म्हटलं की ती प्राण्याच्या जागेवरून निघून सरळ त्याच्याकडे यायची. त्याची कॉलर नीट करायची, टोपीवरची काटकी काढायची, काहीतरी बोलायची. म्हणजे दर वेळी ती चौकटीत येत होती.

तिने फोटो कधी काढू दिला नाही. कोणी कॅमेरा वळवला की तोंड फिरवायची, म्हणायची, जनावरं लाजतात. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला तेव्हा बँकेच्या कागदावरचा एकच सापडला, अर्ध्या हनुवटीवर शिक्का मारलेला. तोच मोठा करून लावला होता. तो तिच्यासारखा दिसत नव्हता. आणि अलीकडे त्याच्या मनातली तीही त्या फोटोसारखी होत चालली होती. हनुवटी आठवायला गेलं की शिक्का आठवायचा.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, शर्टाला इस्त्री करून संकलनाच्या खोलीत आला. मेहुणा दारातच भेटला. त्याने इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

"दाजी, आत जायच्या आधी जरा बोलायचं होतं."

"मागून बोल."

खिडकीला काळा कागद लावलेली लहान खोली होती. संकलक पोक्त माणूस होता, चष्मा कपाळावर ठेवून काम करणारा. दिग्दर्शिका मागच्या खुर्चीत बसली. पडद्यावर त्याचाच चेहरा आला, काळ्याभोर केसांचा. डोळे हळूहळू वर गेले, आणखी वर, आणि थांबले. हत्ती होता तो. शॉट संपला.

"पुढे?"

"पुढे दुसरा शॉट, सर."

"याची शेपटी कुठंय? कट म्हटल्यानंतरचं?"

"एवढाच आहे."

दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसाच. डोळे भरून यायचे, ओठ जरासे विलगायचे, आणि पडदा काळा. त्याने खुर्ची वळवून मेहुण्याकडे पाहिलं.

"तेच सांगत होतो," मेहुणा म्हणाला. "टेपा खराब व्हायला लागल्या तेव्हा आपण सगळं डिस्कवर घेतलं ना, तेव्हा शेपट्या काढल्या. जागा पुरेना."

"कोणी काढल्या?"

"ताईने. माझ्याशेजारी बसून एकेक काढली. मी म्हटलं होतं, राहू दे थोड्या. म्हणाली, डोळे ठेव आणि कचरा काढ. पुढेही कार्ड रिकामं करताना तीच बसायची."

"सगळ्या?"



खोलीत पंखा तेवढा फिरत होता. तो परत पडद्याकडे वळला. "चालू द्या," म्हणाला.

मग शॉटमागून शॉट येत गेले. ती कुठेच नव्हती, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीच होती. इथे त्याला हसू फुटायच्या बेतात होतं. तिच्या पायाला मुंगी चावली होती आणि हरीण म्हणून ती हलत नव्हती. इथे त्याच्या भुवया आक्रसल्या होत्या. सकाळचं भांडण मिटलेलं नव्हतं आणि वाघीण कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्याविषयी होतं नव्हतं ते सगळं या चेहऱ्यांवर होतं, आणि ते वाचता येणारा तो एकटाच होता. त्याच्यामागे ते कोणालाच वाचता येणार नव्हतं.

"केवढं प्रेम आहे सर हे, जनावरांवर," मागून दिग्दर्शिका हळूच म्हणाली.

त्याला सांगावंसं वाटलं, की खरा हत्ती एकदा समोर आला होता तेव्हा मी पळायला वाट शोधत होतो. एवढ्या वर्षांत त्याने जनावरांकडे कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहायला गेला तर नुसती जनावरं दिसायची.

"हा बघा, सर," संकलक म्हणाला. "हा सगळ्यात अलीकडचा. केस बरोबर जुळतात."

त्याने दोन पडदे शेजारी शेजारी लावले. एकावर बिबट्या झाडीतून बाहेर आला आणि उभा राहिला. दुसऱ्यावर त्याचे डोळे समोर खिळले. बिबट्याने इकडेतिकडे पाहिलं, पुढचे पाय सावकाश मुडपले आणि खडकावर बसला. त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर त्याची नजर सावकाश खाली आली. खाली, आणखी खाली, आणि जमिनीलगत थांबली. श्वास रोखलेला होता.

"जुळलं!" दिग्दर्शिका उठून उभीच राहिली. "अगदी हाच हवा होता. सर, कशाचा हा?"



"बगळ्याचा," मेहुणा म्हणाला. "वापरला नव्हता. बगळा उडणार होता."

त्या दिवशी नजर वर जायला हवी होती. ती दगडावर उभी राहून हात हळूहळू उंच करणार होती, बगळा उडाला म्हणून. हात थोडासा वर गेला आणि ती खाली बसली. ऊन लागलं असेल, म्हणाली होती. त्यानंतर ती कोणत्याच प्राण्याच्या जागी उभी राहिली नाही. पुढचे महिने दवाखान्यात गेले.

"दाजी, बाहेर जाऊ या."

"थांब." तो पुढे सरकला. पडद्यावर शॉट अजून चालूच होता. "याची शेपटी आहे."

"असेल. मागून कापायला ती बसलीच नाही ना."

पडद्यावरचा तो उठला आणि धावत चौकटीबाहेर गेला. मागे गवत राहिलं. जिथे तो बसला होता तिथलं दबलेलं गवत हळूहळू सरळ होत होतं.

"आवाज आहे याला?"

"नाही सर, नुसतं चित्र. पुढे बराच वेळ असंच आहे. काढून टाकू ना?"

"चालू द्या."

संकलकाने दिग्दर्शिकेकडे पाहिलं. तिने मान हलवली, चालू दे म्हणून. चौघेही गवत बघत बसले. वाऱ्याने ते एकदा वाकलं. कोणाची तरी सावली एका कडेला आली आणि गेली. ती मेहुण्याची असावी, तोही कॅमेरा सोडून धावला होता. खुर्चीत बसलेला तो पडद्याच्या डाव्या बाजूकडे बघत होता, जिकडून ती नेहमी यायची. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान थोडी वर करून, कॉलर नीट करायला कोणी येणार असल्यासारखा.

गवत होतं तसं होतं. मग पडदा काळा झाला.

"सर," दिग्दर्शिका अगदी हळू म्हणाली, "आत्ता तुम्ही जसं बघत होतात ना, ते..." ती थांबली.

त्याने टोपी डोक्यावर घातली, उठला, आणि संकलकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी उठायला लागतो तिथे कापा," तो म्हणाला.