पागोनाचा विलाप आणि कात्री

जुना टेपरेकॉर्डर म्हणजे मीच, मित्रांनो. दोन मोठी चाकं, खटक्यांची रांग आणि खांद्यावर अडकवायला चामड्याचा पट्टा असा एकेकाळी माझा थाट होता. आज मी ग्रीसच्या दक्षिण टोकाला, मानी भागातल्या एका दगडी घराच्या मागे, कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेलो आहे. माझ्या झाकणात अंडी घातली जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोंबड्यांनी मला कधी खोटं वचन दिलं नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट अथेन्सच्या एका संशोधन संस्थेत आलो. तिथली विद्वान मंडळी खेड्यापाड्यांतून ग्रीक भाषेचे जुने शब्द गोळा करत. प्राध्यापक कारावेलास साहेब होते आणि हाताखाली मेल्पो नावाची तरुण मुलगी होती. चालायचं काम मेल्पोचं, मिरवायचं काम साहेबांचं. मला खांद्याला अडकवून ती मानीच्या उन्हात वणवण फिरे. मला ती जिवापाड जपायची, हे मी कबूल करतो.

एका गावात पागोना होती. कुणी गेलं की शवपेटीभोवती बायका बसत, पागोना जुळवून जुळवून विलाप गाई, मेलेल्याला नावानं हाक मारी आणि बाकीच्या तिच्यामागून रडत. विलापात नावानं हाक मारल्याशिवाय मेलेला सुटत नाही, असं तिथं मानतात. आणि घरात मेलेलं माणूस नसताना विलाप गायचा नाही, गायला तर मरण दारात येतं, असंही मानतात.

मेल्पोनं मला टेबलावर ठेवलं तशी पागोना भडकली.

"अगं ए, कोण मेलंय इथं? का तुला कुणाला मारायचंय?"

"मावशी, फक्त शब्दांसाठी हो. फार जुने शब्द आहेत तुमच्या तोंडात."

"तोंडात दातही जुनेच आहेत. ते पण उपटून ने!"

मेल्पो हसली. पागोनानं तिला अंजीर दिले, पण गायली नाही. मेल्पो पुन्हापुन्हा गेली. शेवटी एका दुपारी पागोनानं दार लावलं आणि माझ्यासमोर बसली.

"ऐक पोरी. या गावात मी सगळ्यांना रडले. मला कोण रडणार? माझी लेक लिगेरी तिकडं पिरेयस बंदरात मासळी विकते, शहरातल्या बायकांसारखी रुमालात नाक शिंकरून रडते. तिला एक ओळ जुळवता येत नाही. म्हणून मी माझाच विलाप गाते. मरण येईल तर येऊ दे. पण मी मेले की हे खोकं माझ्या पेटीपाशी आणून लावायचं. माझ्या नावाची हाक मला ऐकू आली पाहिजे. वचन दे."

मेल्पोनं छातीवर हात ठेवून वचन दिलं.

मग ती जिवंत बाई स्वतःच्या मरणावर गायली. "पागोने, पागोने" अशी स्वतःला हाक मारताना तिचा आवाज फाटला. माझी चाकं फिरत होती. असा आवाज पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही.

अथेन्सला साहेबांनी तो ऐकला आणि आनंदानं टाळी वाजवली. अडीच हजार वर्षांपूर्वीचे शब्द, जिवंत! विद्वानांची परिषद तोंडावर आली होती. त्यांनी कात्री मागवली. फीत कापून त्यांना शब्द वयाप्रमाणे लावायचे होते, सगळ्यात जुना आधी.

"सर, तो तिचा विलाप आहे. आधी दुसऱ्या फितीवर उतरवून तरी घेऊ."

"मेल्पो, परिषद रडायला येत नाही, शब्द ऐकायला येते. कोऱ्या फिती काय झाडाला लागतात?"

मेल्पोनं कात्री आणून दिली, आणि फीत कापली गेली. दोन तुकड्यांच्या मध्ये साहेबांनी स्वतःचा आवाज भरला. नावाच्या हाकेत जुना शब्द एकही नव्हता, म्हणून ते तुकडे टोपलीत गेले. परिषदेत साहेबांचं कौतुक झालं, माझंसुद्धा झालं. ती बाई कोण, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

नंतर नवी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. साहेब वारले, त्यांचा अर्धपुतळा झाला. मेल्पोचे केस पिकले, साहेबांची खुर्ची तिला मिळाली. आणि एके सकाळी लिगेरी दारात उभी राहिली. काळे कपडे, हातांना मासळीचा वास.

"बाई, आई गेली. उद्या पुरायचंय. तुम्ही वचन दिलं होतं म्हणे."

मेल्पोनं मला कपाटातून काढलं, स्वतः पुसलं, फीत लावली. तिचे ओठ हलले. फीत कापल्याचं आता सांगेल, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सांभाळून ने हं."

ज्याच्या मागे आज मी पडलोय, त्याच घरात पागोना शवपेटीत होती. मेणबत्त्या जळत होत्या, पुरुष बाहेर सिगारेटी ओढत होते. आत चार म्हाताऱ्या कशाबशा टेकून बसल्या होत्या; त्यांना मागून रडणं तेवढं येत होतं. लिगेरीनं मला आईच्या उशाशी ठेवलं आणि खटका दाबला.

"उदाहरण पहिलं," साहेब म्हणाले.

मग पागोनाचा अर्धा हुंदका. मग "उदाहरण दुसरं."

"हा कोण बाप्या बडबडतोय गं विलापात?" एक म्हातारी ओरडली. "हाकला मेल्याला!"

"थांबा मावशी, पुढं असेल. आईची हाक पुढं असेल." लिगेरी फीत पुढं पळवी आणि थांबवी. साहेब येत, आईच्या आवाजाची चिंधी येई, पुन्हा साहेब. मग नुसती खरखर. ती शेवटपर्यंत वाट पाहत होती. हाक आलीच नाही. तिनं स्वतः तोंड उघडलं, ओळ सुचली नाही, मग तिनं रुमाल तोंडात कोंबला.

पागोना बिनहाकेची पुरली गेली.

मित्रांनो, इथं मी म्हणायला हवं की जुन्या वस्तू जपा. नाही म्हणत. मला जपलंच होतं, अगदी मऊ फडक्यानं पुसून. तुम्ही आपल्या म्हातारीपाशी जाऊन बसा, ती गाते ते तोंडानं शिकून घ्या, आणि शब्द दिला असेल तर कात्रीच्या आड हात घाला. तुम्ही हे कराल, असं मला वाटत नाही. मेल्पोही चांगलीच मुलगी होती.