दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक

मी ब्रेकचा पेडल बोलतोय. शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, शब्दही माझे साधेच आहेत. शाळा मी फक्त फाटकापर्यंत पाहिली, मालकांच्या मुलीला सोडायला जायचो तेवढीच. पुढं तिला स्कूटी घेतली आणि माझी शाळा सुटली. त्यात स्वभाव लाजरा. गाडीत सगळ्यात खाली, अंधारात राहतो. इथून चेहरे दिसत नाहीत, तळवे तेवढे कळतात. तेवढ्यावरून माणूस पुष्कळ कळतो.

माझा जन्म वाळूजच्या एका शेडमधला. पत्रा कापला, वाकवला, वर रबर चढवलं, झालो मी. तिथून गारखेड्याच्या शंतनूरावांकडे आलो. शंतनूरावांना सगळ्यातलं सगळं कळतं. निदान ते तसं सांगतात. दसऱ्याला ते स्टिअरिंगला हळदकुंकू लावतात, बॉनेटला झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. नुसत्या केकाटणाऱ्या हॉर्नलाही कुंकू लागतं. माझ्यापर्यंत आजवर कोणी वाकलं नाही.

मग मी बुडायला लागलो. पाय ठेवला की खोल खाली जायचो, पाय उचलून पुन्हा दाबला की जरा वर पकडायचो. शहाणा माणूस घाबरला असता. शंतनूरावांनी त्याची रीत करून टाकली. कोणी गाडी मागितली की किल्ली देताना म्हणायचे, "पहिला दाब सोडून द्यायचा. दुसऱ्याला लागतो. आमच्या गाडीची लकबच आहे ती."

लकब! मी बुडतोय आणि हे कौतुक करतायत.

पुंडलिकनगरच्या कडुबाचं गॅरेज आमचं नेहमीचं. कडुबाचे हात कमी आणि तोंड जास्त चालतं. "हवा धरली साहेब, दुसरं काय नाय," म्हणत त्यानं ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढली. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग त्यानं चाकांतले पॅड बदलले. तरी तेच. शेवटी म्हणाला, "पेडलच म्हातारा झाला." म्हणजे दोष माझा! शेजाऱ्यांनी पायाखालच्या मॅटवर संशय घेतला, मेहुण्यांनी रस्त्यांवर. सगळे माझ्यावर पाय आपटून मत देऊन गेले. पाय ठेवून गप्प मात्र एकजणही बसला नाही.

मला हे सगळं चाललं असतं. पण मनस्विनीला, मी शाळेत सोडायचो त्याच पोरीला, चाळीसगावला नोकरी लागली. नवीन लायसन्स, हौस मोठी. "कन्नडच्या घाटातून गाडी मीच उतरवणार," म्हणाली. शंतनूरावांनी तिलाही शिकवलं, "पहिला दाब सोडून द्यायचा." आणि पोरगी ते शिकली. तिचा हलका तळवा दोनदा दोनदा माझ्यावर पडायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. उताराच्या वळणावर दुसरा दाब द्यायला वेळ कोण देतं?

निघायच्या आदल्या दिवशी कालिंदीताई, म्हणजे शंतनूरावांच्या मिसेस, गाडी चालवत होत्या; शंतनूराव शेजारी, मनस्विनी मागं. रेल्वे फाटक लागलेलं, रस्ता उताराचा. त्यांनी मला दाबून धरलं. मी हळूहळू खाली सरकत गेलो आणि गाडी पुढच्या मोटारसायकलकडं सरकली.

"अगं, परत दाब, परत दाब!" शंतनूराव ओरडले.

कालिंदीताईंनी हँडब्रेक ओढला. म्हणाल्या, "तुम्ही थांबा जरा." आणि मला पुन्हा दाबून, काही न बोलता बसून राहिल्या. त्या पायाखाली मी तळापर्यंत गेलो. मला मोकळं मोकळं वाटलं.

तिथून गाडी थेट गॅरेजला.

"कडुबा, बसा आत. इंजिन चालू ठेवा. पाय दाबून धरा आणि बोलू नका."

"वहिनी, म्या लई गाड्या पाहिल्या, हिच्यात काय..."

"बोलू नका म्हटलं."

"नाय बोलत. फकस्त एवढंच सांगतो, का हवा जर..." आणि तो थांबला. मी त्याच्या पायाखालून खाली निघालो होतो. ऑइल कुठंच गळत नव्हतं, डबीत भरलेलंच होतं, तरी मी चाललोच होतो.

"आयला," कडुबा म्हणाला. "मास्टर सिलिंडर, चाकांकडं ऑइल ढकलतो त्यो. आतल्या आत रबर ऑइल सोडतंय."

"मग इतके दिवस काय पाहिलं?"

"साहेब म्हणले ना, गाडीची लकब हाय!"

नवा सिलिंडर बसला. मग हवा काढायची. एकानं मला दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी स्क्रू ढिला करून आवळायचा, तोवर पाय उचलायचा नाही. हे काम शंतनूरावांनी हौसेनं घेतलं. पण त्यांचा पाय! दाबला की लगेच वर. हवा पुन्हा आत.

"धरा, साहेब, धरा!"

"धरलाय की!"

"कुठं धरलाय? ढोलकी वाजवू ऱ्हायले तुम्ही."

शेवटी कालिंदीताईंनी त्यांना उठवलं आणि स्वतः बसल्या. त्यांचा पाय हलला नाही. मी वरच्या वर ताठ उभा राहिलो.

तरी मनस्विनीची सवय जाईल का, हे मला कळत नव्हतं. गॅरेजहून घरापर्यंत तीच चालवत होती, दोनदाच दाबत होती. "एकदाच," आई प्रत्येक सिग्नलला म्हणत होती. "एकदाच, मनू. आणि धरून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाट उतरलो. कालिंदीताई मागं, शंतनूराव पुढं शेजारी. एका वळणापलीकडं अख्खा रस्ताभर मेंढरं. मनस्विनीचा तळवा माझ्यावर आला, एकदाच, आणि तिथंच राहिला. मी अर्ध्यावर थांबलो आणि गाडी धरली. शेवटचं कोकरू कठड्याकडं जाईपर्यंत धरून ठेवली.

शेजारी शंतनूराव रिकाम्या मॅटवर पाय आपटत होते. दोनदा.