नुईचा उजवा डोळा

१९७४ सालच्या फेब्रुवारीतल्या एका दुपारी मिनेकोने ब्रश शाईत बुडवला, बाटलीच्या काठावर निथळवला, आणि पुन्हा फडक्याला पुसून खाली ठेवला.

समोर मासिकातल्या चित्रकथेचं, एप्रिल अंकाचं शेवटचं पान होतं. पानाच्या तळाशी नुई पडली होती. नुई म्हणजे गोन्ताची धाकटी बहीण. गोन्ता हा भाताच्या जुन्या हंड्यापासून बनलेला रोबो, सगळ्या तोक्योतल्या पोरांचा लाडका. नुई मोडक्या शिलाई मशीनपासून बनलेली. कमरेला चाक, बोटांना सुया. गोन्ता तिच्या गुरूंचा, कुरामित्सु सेन्सेईंचा; त्यांच्या हाताखाली ती शाई भरायची. पण नुई मिनेकोने एकदा कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात गंमत म्हणून काढली होती आणि सेन्सेईंनी ती उचलून कथेत घेतली. तेव्हापासून नुईची प्रत्येक रेघ मिनेकोच्या हातची. हे एक पान सोडून. हे सेन्सेईंनी स्वतः काढलं होतं.

या पानावर नुई आपल्या छातीतली कळ काढून बंद पडलेल्या भावाला देते. भाऊ उठून शत्रूमागे धावत सुटतो आणि ओरडतो, "नुई, किती गुणी गं तू!" ती मागे पडून राहते. डोळे काळे झाले की रोबो कायमचा बंद, हे वाचणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. नुईच्या दोन्ही डोळ्यांत निळ्या पेन्सिलीच्या बारीक फुल्या होत्या. फुली म्हणजे इथं काळं भर. निळं छपाईत उमटत नाही.

"मिनेको, छापखाना काय तुझ्या मामाचा आहे?" स्टोव्हपाशी कोट न काढताच बसलेले संपादक त्सुगावा म्हणाले. "संध्याकाळी यंत्र सुरू होतं. दोन डोळे भरायचेत, देऊळ नाही रंगवायचं."

"मारलीच पाहिजे का तिला?"

"मग काय करू? या तेलटंचाईत कागद मिळतोय का कुठं? बायका संडासाच्या कागदासाठी रांगा लावतायत. आमच्या मासिकाची पानं कापली. दोन-दोन रोबो ठेवायला जागा कुठून आणू?"

"मग गोन्ताला मारा."

त्सुगावा मोठ्याने हसले. "बाई गं, मासिक मुलग्यांचं आहे!"

मिनेकोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पंधराव्या वर्षी तिला सूतगिरणीत पाठवलं होतं, थोरल्याला सेंदाईच्या कॉलेजात जाता यावं म्हणून. दर नववर्षाला काका-माम्या जमायच्या आणि तांदळाचा चिकट मोची तोंडात घोळवत म्हणायच्या, किती गुणी पोर. भाऊ मान डोलवायचा. आज तो पुलांचे आराखडे काढतो.

"सेन्सेई," ती पलीकडच्या टेबलावर वाकलेल्या पाठमोऱ्या माणसाला म्हणाली, "तो 'गुणी' शब्द तरी काढा. तेवढं तरी करा."

त्सुगावांच्या हातातली सिगरेट थांबली. या खोलीत सेन्सेईंना असं कुणी बोलत नसे.

सेन्सेई वळले नाहीत. "फुल्या मारल्यात. भर."

"तुम्हाला पटतं हे?"

"मिनेको, भर म्हटलं ना."

जिना वाजला. तोमेताई चहा आणि ओनिगिरीचं ताट घेऊन वर आल्या. त्या सेन्सेईंच्या धाकट्या बहीण. युद्धानंतरच्या उपाशी वर्षांत त्यांनी लोकांचे किमोनो शिवून भावाला कागद आणि शाई पुरवली, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या स्वतः कधी बोलल्या नव्हत्या. ताट ठेवताना त्यांनी मिनेकोच्या खांद्यावरून पान पाहिलं.

"धाकटी गेली वाटतं?"

"भावासाठी गेली, तोमेताई," त्सुगावा भाताचा गोळा उचलत म्हणाले. "पोरं ढसाढसा रडतील बघा."

"आणि भाऊ? मागं वळून बघतो तरी का?"

"वळणार कुठं? पान संपलं."

"हं," तोमेताई म्हणाल्या. "लोणच्याचा आलुबुखार आत आहे, बी दाताखाली येईल, सांभाळून खा." आणि खाली निघून गेल्या.

सेन्सेईंची लेखणी मघापासून कुरकुरत होती. ती थांबली. पुन्हा सुरू झाली नाही.

मिनेकोने डावा डोळा भरला. सफाईदार, काठ न ओलांडता. मग ब्रश ठेवून तिने खोडरबर उचलला. निळी पेन्सिल सहजी जात नाही. ती दात आवळून घासत राहिली, कागदाचा पोत उकलून बारीक लव वर आली तेव्हा थांबली. चुरा फुंकला आणि पान त्सुगावांपुढे धरलं.

"उजवा डोळा राहिला की!"

"तिथं फुली नाही."

"नसू दे. भर."

"फुली नाही तिथं शाई नाही. या घरचा नियम आहे. पहिल्या वर्षी मी न विचारता एक आभाळ काळं केलं, तर महिनाभर नुसते ब्रश धुवायला लावलं होतं मला. विचारा त्यांना."

"अगं, मेली आहे ती! मेलेलं माणूस एक डोळा उघडा ठेवून मरतं का?"

"ते मला काय विचारता? मी फुल्या मारत नाही."

त्सुगावांनी पान हिसकावलं आणि सेन्सेईंच्या टेबलावर आपटलं. "तुम्हीच सांगा हिला. विसरलात ना? की ही पोरगी मला शिकवणार?"

सेन्सेई पान घेऊन खिडकीपाशी गेले. नुईच्या चेहऱ्यावरून त्यांचा अंगठा हळूच फिरला, उजव्या डोळ्यावर आला, आणि तिथं अडकल्यासारखा थांबला. त्यांनी अंगठा पुन्हा मागे नेला, पुन्हा पुढे आणला. मग मिनेकोकडे पाहिलं. तिच्या बाहीवर रबराचा चुरा होता. तिने तो झटकला नाही, नजरही खाली घातली नाही.

"तिथं मी फुली मारलेली नाही," सेन्सेई म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे पुढच्या अंकात एक पान जास्त लागेल. गोन्ताला मागं वळायचंय."

त्सुगावा खूप ओरडले, पण यंत्र थांबणार नव्हतं. पान तसंच गेलं. 'गुणी' शब्दही तसाच गेला आणि मिनेकोचा तेवढा राग तसाच राहिला. सेन्सेईंनी त्या डोळ्याचा विषय तिच्याशी पुढे कधीच काढला नाही.

गोन्ता आणि नुई आणखी पाच वर्षं चालले. त्सुगावा पुढे मुख्य संपादक झाले आणि नुईला वाचवायची कल्पना आपलीच होती असं मेजवान्यांमधून सांगू लागले. शेवटी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. सेन्सेई एका उन्हाळ्यात गेले. त्यानंतर तोमेताई गावी परतल्या, शिवणकाम कुणी दिलं तरी घेतलं नाही, आणि नव्वदी ओलांडून गेल्या. मिनेकोच्या भावाने आपल्या मुलीसाठी नुईचे सगळे खंड घेतले. त्याने ते वाचले की नाही, हे तिने विचारलं नाही.

मिनेकोने पुढे स्वतःची चित्रशाळा काढली. हाताखालच्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावायची, फुली नाही तिथं शाई नाही. आणि मग प्रत्येकीच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, एक नवा खोडरबर ठेवायची.