घोरूबाईची शेवटची वही

भुपेंद्रला वाटायचं, लक्ष्मणरावांची पुस्तकं वाचणारा जगात आपण एकटाच. शहापूरला हायवेवर त्याचा टायपिंगचा क्लास. टेबलाच्या खणात चार पातळ पुस्तकं, कधीच्याच बंद पडलेल्या एका प्रेसनं छापलेली. मॅंगनीजच्या खाणीत मजुरांची हजेरी लिहिता लिहिता या माणसानं शनीवरची माणसं नाकाडोंगरीच्या धानाच्या बांधीत उतरवली होती. घोरूबाई नावाची एक बाई झोपली की तिचा आवाज पार शनीपर्यंत जायचा. तिकडच्या सरकारला वाटायचं, पृथ्वीवरून संदेश आला. मग बारा जणांची समिती बसायची आणि घोरण्याचा अर्थ लावायची. भुपेंद्र विसाव्यांदा वाचायचा, तरी हसून हसून डोळे पुसायचा.

मग एका दुपारी त्यानं फोनवर सहज लक्ष्मणरावांचं नाव टाकलं, अन् घबाडच सापडलं. पुण्याच्या एका बँकवाल्यानं कथांची यादी केली होती, अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी मुखपृष्ठांचे फोटो टाकले होते, आणि तीनशे बारा जणांचा एक ग्रुप रोज सकाळी एकमेकांना घोरूबाईच्या नावानं रामराम करत होता. जत्रेत हरवलेल्याला गणगोत भेटावं तसं भुपेंद्रला झालं. सात महिने खपून त्यानं हे विखुरलेलं सगळं इंटरनेटवरच्या एका पानावर आणलं. सूची आणली, नकाशा काढला, आणि सगळ्यांत लाडका तो 'घोरूबाई कोश' केला. त्यात एकसष्ट प्रकारची घोरणी अर्थासकट होती. वाचकांनी पाठवलेली आपापली घोरणीही ऐकायला ठेवली होती. पानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, मात्र त्याच्या एकट्याकडे.

यादीत एकच जागा रिकामी होती. लक्ष्मणराव दोन वर्षांपूर्वी वारले. त्याआधी एका वाचकाला त्यांनी लिहिलं होतं, पाचवं पुस्तक पुरं झालं, वही घरीच आहे. ग्रुपनं भुपेंद्रलाच पुढं केलं, कारण लक्ष्मणरावांच्या जिल्ह्यातला तोच. त्यानं लक्ष्मणरावांच्या घरी, नाकाडोंगरीला फोन लावला. लक्ष्मणरावांची गावातच दिलेली मुलगी उर्वशी बोलली. आईला विचारून म्हणाली, "पुढच्या आयतवारी या."

चैत्राचं ऊन होतं. रस्त्याच्या कडेला मोहफुलं पडलेली, वाऱ्याला त्यांचा गोड, आंबूस वास. लॅपटॉप पाठीला बांधून तो पोचला, तेव्हा उर्वशीची आई धुरपताबाई ओसरीवर मेथ्या निवडत बसल्या होत्या. बारीक, वाळक्या, पांढऱ्या केसांच्या. पहिल्याच पुस्तकात लक्ष्मणरावांनी लिहिलं होतं, घोरूबाई म्हणजे आमच्या घरचीच; पण त्या पुस्तकातल्यासारख्या अजिबात नव्हत्या. तरी भुपेंद्रचा ऊर भरून आला. तो वाकला, पायांवर डोकं ठेवलं आणि हसतच म्हणाला, "म्हणजे तुम्हीच घोरूबाई!"

उर्वशीच्या हातातला पाण्याचा गडवा मध्येच थांबला.

"धुरपता म्हणतेत मले," म्हातारी म्हणाली. "बस बाबू. दुरून आला."

पोहे आले ते कागदाच्या टोपलीतून. गुळगुळीत, फिकी, काठाला गेरूची रेघ. "काकू, ही तुम्ही केली?"

"मीच. रद्दी भिजवाची, कांडाची, मेथ्या वाटून घालाच्या. पितळेचा गुंड पालथा घालाचा, त्याच्यावर थापून वाळवाची. बस."

मग उर्वशीकडून ऐकलेलं ते पान त्यांनी बघायला मागितलं. भुपेंद्रनं हौसेनं दाखवलं. उर्वशी वाचून सांगत होती, धुरपताबाई ऐकत होत्या. शेवटी त्यानं घोरणी लावली. ओसरीवर पुणं घोरलं, अमरावती घोरली, कुठला तरी कॉलेजचा पोट्टा तालात घोरला.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

त्यानं बंद केलं.

"हिच्या लगनात वरातीतले पोट्टे असेच घोरले. मांडवात, सुरात. हिचा सासरा पोट धरून हासे. तवापासून मी कोणाच्या घरी पाठ नाही टेकली, बाबू. लगन असो की मयत, भितीले टेकून उजाडेपर्यंत बसून राहाची. माही माय मेली तवाबी."

"पण काकू, लोक तुमच्यावर प्रेम करतात."

"माह्यावर?"

भुपेंद्रनं पोह्यांची टोपली खाली ठेवली.

"हिच्या बाबूजीले म्हटलं, ते नाव काढा. त म्हणे, लोकाईले आवडते. चार पुस्तकं आवडलं त्याईले." त्यांनी मेथीतला खडा फेकला. "हे पुसता येते का?"

"येते," उर्वशीच म्हणाली. ती ग्रामपंचायतीत कंप्युटरवर बसायची.

"वही आहे ना काकू?" भुपेंद्रनं विचारलं. आवाज त्याचाच त्याला हावरट वाटला.

"हाय. घरातच हाय. आधी हे पूस. सारं."

त्यानं मनाशी हिशेब मांडला. पान परत उभं करता येईल, वही परत लिहिता येणार नाही. त्यानं बटण दाबलं. सात महिने एका बोटानं गेले.

"कचऱ्यातूनबी काढा," खांद्यामागून उर्वशी म्हणाली. "अन् या लॅपटॉपवरचं? ते कोण काढंल?"

त्यानं तेही काढलं. खिशातला फोन तेवढ्यात थरथरायला लागला. पान कुठं गेलं? भुपेंद्र, काय केलंस? कोणीतरी शिवीही दिली. त्यानं फोन उलटा ठेवला.

"चाल," म्हातारी उठली.

मागच्या छपराखाली, सपरीत, उखळाशेजारी एक घमेलं होतं. वरचं फडकं त्यांनी बाजूला केलं. आत राखाडी लगदा, वर निळ्या शाईचा तवंग. काठाशी वहीचा पुठ्ठा, कातडी सोललेल्या जनावरासारखा.

"तुया फोन आला त्याच दिवशी भिजू घातली. आठ दिवस लागतेत."

"तुम्ही म्हणालात, वही आहे!"

"हे काय, वही नाही होय? उर्वशे, मुसळ दे त्याले."

उर्वशीनं मुसळ दिलं. का घेतलं, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. लगदा उखळात पडला. त्यानं एक घाव घातला, दुसरा घातला. म्हातारी मेथ्या वाटता वाटता गुणगुणत होती:

*कागद कांडते बाई, अक्षराची झाली माती,*
*हासनारे गेले दूर, मुसळ आलं माह्या हाती.*

"त्यात काय होतं, काकू?" तो रडवेला झाला. "कोणी वाचली होती का?"

"मले कुठं वाचता येते? त्याईनंच वाचून दाखवली. दुखण्यात पडल्यावर, पुरी, पहिल्या पानापासून." त्यांनी वाटण उखळात सोडलं. "लई साजरी होती. मी हासली, बाबू. आतापर्यंतच्या साऱ्या पुस्तकात पहिल्यांदा हासली. त्यात ती बाई..."

भुपेंद्रचा हात थांबला. 

"कांड न! काहून थांबला?"

तो कांडू लागला.

"ती बाई काय, काकू?"

"गाठी राहिल्या त टोपली फाटते," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी गुंड पालथा घातला, त्यावर ओलं फडकं पसरलं. "धर घट्ट. हालवू नको."

त्यानं गुंड दोन्ही हातांनी धरला. त्या थापू लागल्या. थापताना खूप बोलल्या. यंदाच्या मोहफुलांविषयी बोलल्या, उर्वशीच्या कंबरेविषयी बोलल्या, तुमसरला महाग झालेल्या मेथ्यांविषयीही बोलल्या. दर वाक्याला भुपेंद्र मान पुढं करी.

"अजून दोन टोपल्याचा माल हाय," शेवटी हात धूत त्या म्हणाल्या. "पुढच्या आयतवारी येशील?"

"येतो," भुपेंद्र म्हणाला.