पट्टेदार पिटुनिया

उजाडल्यापासून धाकटीच्या फाटकाशी गर्दी होती. कुणी टाचा उंचावून बघत होतं, कुणी चपला काढून हात जोडत होतं. तिच्या गडद जांभळ्या पिटुनियांवर पांढरे पट्टे उमटले होते. प्रत्येक फुलावर वेगळे. कुंड्यांच्या मधोमध स्टुलावर बसून फुलबाबा सांगत होता, "आम्ही काही करत नाही. ही डहाळी फिरवतो, मंत्र म्हणतो. कृपेला भिंत अडवत नाही, पडदा अडवत नाही."

कुंपणाच्या अलीकडे थोरली जाऊ एकाच वाफ्याला तिसऱ्यांदा पाणी घालत होती. सासऱ्यांची रोपवाटिका दोघा भावांत वाटली गेली, तेव्हा मध्ये हे कुंपण आलं. रोपं जगवण्यात वीस वर्षं थोरलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटीला सकाळी ठेवलेली कात्री दुपारी सापडत नसे, आणि आता सगळं गिऱ्हाईक तिच्या दारात. त्यात काल जेवताना नवरा म्हणाला, "धाकटीच्या हाताला गुण आहे हं." थोरलीने त्याला पुन्हा काही वाढलं नाही.

शेवटी मान खाली घालून तीही बाबाकडे गेली. "माझ्याकडेही डहाळी फिरवा."

बाबाने डोळे मिटले. "ताई, तुमच्या मनात मत्सर आहे. मत्सराच्या अंगणात फूल रंग बदलत नाही."

चार बायका हसल्या. बाबा खोटारडा असेल, पण एवढं तरी खरं बोलला होता, म्हणून तिला जास्त झोंबलं.

त्या दिवसापासून ती कुंपणाच्या फटीतून नजर ठेवू लागली. मत्सराची नजर मोठी बारीक. धाकटीच्या काकडीच्या रोपांची पानं पिवळी-हिरवी होऊन आकसत होती, हे तिला सगळ्यांत आधी दिसलं. तिला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, त्या दुपारी तिला छान झोप लागली. आठवड्याने तिच्याच मिरचीची पानं तशीच आकसली आणि झोप उडाली.

एक आकसलेलं पान आणि एक पट्टेदार फूल घेऊन ती बाईंकडे गेली. बाई शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी फुलाचा देठ भिंगाखाली धरला. देठाला मोहरीहून बारीक हिरवे किडे चिकटले होते.

"हा मावा. आजारी झाडाचा रस पितो आणि तोंडाला लागलेला विषाणू पुढच्या झाडाला देतो. त्या विषाणूमुळे फुलाचा रंग जिथे नीट भरत नाही, तिथे पांढरा पट्टा. तुझ्या मिरचीला आणि तिच्या फुलाला एकच आजार आहे."

"आजार? एवढा देखणा?"

"देखणा आहे म्हणून तर लोक घरी घेऊन जाताहेत. जिथे जाईल तिथली भाजी, फुलं आजारी पडणार."

"मग चला, सगळ्यांसमोर सांगा."

"सांगून ऐकतील? दाखवावं लागेल."

रविवारी बाई वीस निरोगी कुंड्या घेऊन गर्दीत उभ्या राहिल्या. दहा कुंड्यांवर चौकट ठेवून पांढरी मलमल ताणली होती. "बाबा, यांच्यावर कृपा करा. पडदा अडवत नाही म्हणता ना?"

बाबाने घाम पुसला. पण शब्द त्याचेच होते. मंत्र पुटपुटत त्याने खांद्याच्या पिशवीतून डहाळी काढून झटकली. मलमलीवर हिरवे ठिपके पडले आणि चालू लागले. थोरली अगदी पुढे उभी होती. तिला ते दिसले. बाईंनी ते ओल्या फडक्याने टिपून साबणाच्या पाण्यात टाकले.

मग धाकटीच्या पट्टेदार झाडावरचा मावा त्यांनी कुंचल्याने उचलला आणि उरलेल्या दहा कुंड्यांवर ठेवला. मंत्र म्हणून बेचा पाढा म्हटला. लोक हसले. त्याही कुंड्या मलमलीखाली गेल्या, किडे बाहेर पडू नयेत म्हणून.

तीन आठवड्यांनी दोन्ही चौकटी उघडल्या. बाबाच्या दहाही कुंड्या जांभळ्याच. बाईंच्या दहांपैकी आठांवर पट्टे.

"बाईंच्या पाढ्यात सिद्धी आहे," बाबा म्हणाला.

"मग पिशवी दाखवा," थोरली म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता तिने ती उपडी केली. ओल्या फडक्यात काकडीच्या रोगट वेलाचे तुकडे होते, माव्याने भरलेले. गर्दीतला एक माळी म्हणाला, "अरे, हा तर काकडीच्या काचघरात कामाला होता. आजारी वेल जाळायचं काम याच्याकडेच होतं."

बाबा निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. सगळे आपापल्या घरच्या कुंड्या आठवत होते.

"औषध?" धाकटीने बाईंना विचारलं.

"लागलेल्या झाडाला नाही. उपटून जाळायचं आणि मावा आटोक्यात ठेवायचा."

धाकटी कुंड्यांपाशी बसली. मग पहिल्या कुंडीतलं झाड तिने स्वतः उपटलं, सगळ्यांसमोर, डोळ्यांतलं पाणी न पुसता. थोरलीही तिच्या शेजारी बसून उपटू लागली. जाळण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडणारी फुलं बघताना तिला वाटलं, देखणी होती खरी. आपल्याकडे एकदा तरी फुलायला हवी होती.

"ताई, मी मूर्खच," धाकटी म्हणाली.

"मीही गेले होते त्याच्याकडे. मला त्याने हाकललं, एवढाच फरक."

जाताना लोक म्हणत होते, "धाकटीची हिंमत मोठी. भरली बाग जाळली." थोरलीची मिरचीही त्याच खड्ड्यात होती, ती कुणाला दिसली नाही. तिला पुन्हा तसंच झोंबलं. बाबाचं पितळ उघडं पडलं, म्हणून काही माणसाचा स्वभाव बदलत नाही.

पण बाई त्या दिवशी फाटकात उभं राहून जे बोलल्या, ते तिने मनाशी पक्कं केलं. चमत्काराशिवाय आपण नमस्कार करत नाही, हे ठीक. पण नमस्काराआधी एक प्रश्न तेवढा विचारावा. मंत्र न म्हणता हे घडलं असतं का? उत्तर ठाऊक नसेल, तर दहा कुंड्या वेगळ्या ठेवाव्यात आणि तीन आठवडे थांबावं.