कोळशातली वर्षवलयं

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. आहे म्हणते खरी, पण आता मी जेमतेम वीतभर कोळसा आहे, खोक्यात कापसावर निजवलेला. मला बघून कुणी कुबडी म्हणणार नाही, आणि पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

माझा जन्म एका मोडक्या पलंगातून झाला. सागवान चांगलं होतं, म्हणून सुताराने ते चुलीत जाऊ दिलं नाही. एका पायाने अधू असलेल्या शिंप्यासाठी त्याने मला घडवलं. त्यांना सगळे मास्तर म्हणत. काखेत टोचू नये म्हणून मास्तरांनी जुन्या कोटाची गादी शिवून माझ्या माथ्यावर बसवली. लग्नाचा विषय निघाला की ते मला थोपटून म्हणत, "ही आहे की. बोलत नाही आणि सोडूनही जात नाही." त्यांची आई कपाळाला हात लावायची. मी मात्र मनातून फुलून जायचे.

एका सकाळी याच विषयावरून मायलेकांचं वाजलं. मास्तर न जेवताच निघाले. "आता मी परत येतच नाही," असं उंबऱ्यावरून म्हणाले. रागात माणूस काहीही बोलतो.

मास्तर ज्या कारखान्यात कामाला जात, तिथली शिवणकामाची खोली माडीवर होती. मालकाने जिन्याच्या दाराशी कापडाचे गठ्ठे कंबरेइतके रचून ठेवले होते. दुपारी इस्त्रीच्या वायरने पेट घेतला. कारागीर गठ्ठ्यांवरून उड्या मारून सुटले. मास्तरांनी मला गठ्ठ्यावर टेकवलं आणि मी त्यात रुतून बसले. त्यांचा भार मला पेलवला नाही. याहून जास्त मला सांगवत नाही.

नंतर एक देह सापडला, ओळखण्यापलीकडचा. बेपत्ता मात्र दोघे होते, मास्तर आणि गठ्ठे वाहणारा हमाल. देहाजवळ मी पडले होते; पण मी कुबडीचा तुकडा की खुर्चीचा, हे कुणालाच सांगता येईना. कुबडी ठरले, तर देह मास्तरांचा. म्हणून मला लाकडाची पारख करणाऱ्या बाईंच्या प्रयोगशाळेत आणलं.

मास्तरांची आई तिथे आली ती एक ठोकळा घेऊन. घडवताना मी जरा जास्त उंच झाले म्हणून सुताराने माझं टोक कापलं होतं, तेच हे. खिडकी आपटू नये म्हणून ती इतकी वर्षं ते लावत होती. तिने ठोकळा माझ्याशेजारी ठेवला.

"बघा बाई, त्याची कुबडी एवढी जाड होती. हे केवढंसं बारीक. तो रुसून गेलाय कुठेतरी."

तिचा चेहरा उजळला होता. हमालाचीही कुणी वाट बघत असेल, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तपासायला दोन्ही तुकडे मोडावे लागतील, असं बाईंनी सांगितलं.

"मोडा की," आई म्हणाली. "ती त्याची नाहीच."

मी कट्कन मोडले. बाईंनी आम्हा दोघांना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. लाकडाचा कोळसा होताना आतलं पाणी निघून जातं. पेशींच्या भिंती पातळ होतात आणि शेजारच्या भिंतीशी अशा एकजीव होतात की सांधा दिसत नाही. पाणी वाहणाऱ्या नळ्या आक्रसतात, मधूनमधून भेगा पडतात. लाकूड लांबीत थोडं आणि जाडीत पुष्कळ आवळतं. पण मांडणी मोडत नाही. सागाच्या प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या नळ्यांची रांग असते, ती माझ्यात तशीच होती. एक वलय रुंद, मग तीन अरुंद, मग दोन रुंद. ठोकळ्यातही तोच क्रम होता, फक्त ऐसपैस. त्या वेळी वाटलं, आपली पार राख झाली असती तर किती बरं झालं असतं. राखेवरून कुणाला काहीच सांगता आलं नसतं.

बाईंनी आईला खुर्चीवर बसवलं.

"मावशी, लाकूड जळताना आवळतं. ही त्यांचीच कुबडी आहे."

आईने ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"मी हा आणला नसता, तर तुम्हाला कळलं असतं?"

"सागवान आहे, एवढंच कळलं असतं," बाई म्हणाल्या.

आई उठली. ठोकळा तिने नेला नाही.

मित्रांनो, कुबडीला तेल लावा, तिला पावसात ठेवू नका, असं काहीतरी मी सांगणार होते. ते राहू द्या. तुमच्या घराच्या, शाळेच्या, दुकानाच्या दारात काही रचून ठेवलेलं असेल, तर ते आजच हलवा. तुम्ही त्यावरून उडी मारून जाल. सगळ्यांना उडी मारता येत नाही.