पाळी आणणारा अंगारा

धारूरच्या घाटाखाली भस्मानंद महाराजांच्या मठात गुरुवारी बायांची झुंबड उडायची. चार-चार महिने दडी मारून बसलेली पाळी महाराजांच्या अंगाऱ्यानं यायची. "आई रुसलीय, पोरी. पुड्या खा, संपल्या की थांब. आई आपल्या पावलानं येतीय," महाराज डोळे मिटून म्हणायचे आणि मधूनच एक डोळा उघडून पुढची बाई कोण ते बघून घ्यायचे.

योगिताला तिची सासू कडूबाई युसूफ वडगावहून घेऊन आली. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. बीडच्या डॉक्टर उज्ज्वलाताईंनी पीसीओएस, म्हणजे पाळी लांबवणारा बीजकोषाचा आजार, असल्याचं सांगितलं होतं. रोज भरभर चाल, गोड चहा सोड, वेळेवर झोप, असं बजावलं होतं. योगिताचं माहेर मेंढपाळांचं. मेंढरांमागं डोंगर तुडवतच ती वाढलेली. सासर मात्र बड्या जमीनदाराचं, तिथं सून उंबऱ्याबाहेर पडत नसे. तरी ती हट्टानं चालू लागली. वजन थोडं उतरलं आणि एकदा पाळी आपणहून आली. पण भावकीत कुजबुज सुरू झाली.

"मोठ्या घरची सून रस्त्यानं हिंडत असती व्हय?" म्हणत कडूबाईनं चालणं बंद केलं आणि मठ गाठला.

पुड्या संपल्या आणि आठवड्याच्या आत पाळी आली. कडूबाईनं मठात नारळ फोडला. पुढंही दर खेपेला तसंच झालं. दिवस मात्र राहिले नाहीत. मग घरात नवं बोलणं निघालं: महाराजांनी आपलं काम केलं, आता खोट हिच्यातच. नवरा परमेश्वर आईच्याच बाजूनं झाला, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. सोडचिठ्ठी झाली. योगिता धारूरला वडलांकडे परतली.

उरलेली एक पुडी घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. राखेत न कुटलेला पांढरा तुकडा निघाला. तो तपासायला पाठवला, तेव्हा ती औषधाची गोळी निघाली. डॉक्टरांनी त्या गोळीचं पाकीट पुढं ठेवलं आणि योगितानं ते लगेच ओळखलं. नवरात्रात घटाला विटाळ नको म्हणून सासूनं पाळी लांबवायला ह्याच गोळ्या दिल्या होत्या.

"लांबवायला बी हीच अन् आणायला बी हीच?"

"गोळी चालू असताना पाळी अडते, गोळी बंद केली की थोड्या दिवसांत येते. म्हणून तर 'संपल्या की थांब'. हे औषध आम्हीही देतो, पण सांगून आणि तपासून. नुसती पाळी आली म्हणून बीज सुटलं असं नसतं, बाळा. मूळ आजार तिथंच राहतो."

पुढच्या गुरुवारी दोघी मठासमोर उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी गोळी हातात धरून सगळं समजावलं. महाराज "घोर कलियुग" म्हणत आत सरकले. गर्दीत कडूबाई होती, भाचीला घेऊन आलेली.

"मंग डाक्टरीनबाई, हिच्यात खोट नव्हती?"

"आजार होता, मावशी. उतार पडायला लागला होता. तुम्ही तिचं चालणं बंद केलंत."

परमेश्वरचं दुसरं लग्न गेल्याच आठवड्यात लागलं होतं. योगिताला राग यायला हवा होता, पण आलं ते रडूच. डोळे पुसून ती बायांकडं वळली.

"पुडीत काय हाय ते आदी इचारा. जो सांगत न्हाई त्याच्या हातचं पोटात घालू नका. अन् पोरीला घराबाहेर काढायच्या आदी दवाखान्यात न्या."

कडूबाईनं भाचीच्या हातातली पुडी काढून घेतली. योगिताकडं मात्र तिला बघवेना.